पालखेडची मोहीम : वेगाच्या कौतुकात हरवलेली आखणी

पालखेडच्या मोहिमेविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचा बराच भाग घोड्यांच्या टापांनी भरलेला असतो. बाजीराव वाऱ्यासारखा आला, विजेसारखा गेला आणि निजाम कोंडला गेला. शेवटी फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेचा केलेला गौरव प्रशस्तिपत्रासारखा जोडला, की लेख पुरा होतो. कौतुकाला माझी हरकत नाही. पण वेगावर सारा प्रकाश टाकल्यामुळे त्या मोहिमेतली खरी विचार करण्याजोगी गोष्ट, म्हणजे आखणी, अंधारात राहते.

आधी एक साधा हिशेब मांडू. निजाम पुण्यात उतरल्याची बातमी बाजीरावाला गुजरातेतून परतताना खानदेशात बेटावद येथे १४ फेब्रुवारी १७२८ च्या सुमारास मिळाली. पालखेडला निजामाची कोंडी झाली २५ फेब्रुवारीला. हे पालखेड वैजापूर तालुक्यातले. निफाडकडच्या धरणाचे नव्हे. बेटावद ते पालखेड हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत भरते. मध्ये सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे आणि वाट वाकडी आहे, हे धरूनही अकरा दिवस हा हलक्या घोडदळाला थक्क करणारा वेग नव्हे. मग ते दिवस कशात गेले? वैजापूर, गंगापूर हा निजामाचा मुलूख लुटण्यात, औरंगाबादेला धोका आहे असे भासवण्यात आणि निजाम गोदावरी ओलांडून आपल्याला हव्या त्या जागी येईल याची वाट पाहण्यात. ही चाल धावणाऱ्याची नव्हती, दबा धरणाऱ्याची होती.

आता मोहिमेची सुरुवात पाहू. चौथाईवर हक्क शाहूचा की कोल्हापूरच्या संभाजीचा, हा प्रश्न पुढे करून निजामाने १७२७ मध्ये मराठी राज्यात पाचर मारली. पावसाळा सरल्यावर बाजीराव निघाला तो निजामाच्या छावणीवर नव्हे, जालना प्रांतात. तिथून वऱ्हाडाकडे, आणि मग बऱ्हाणपूर लुटणार अशी हूल उठवून तो वळला खानदेशातून गुजरातेकडे. निजाम बऱ्हाणपूर वाचवायला धावला आणि फसला.

ही हूल का चालली, हे खानदेशात राहणाऱ्याला लवकर कळते. मी यावलचा. आमच्या गावावरून जाणारा रस्ता बऱ्हाणपूर-अंकलेश्वर या नावाने ओळखला जातो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा ही त्यावरची गावे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. रस्त्याच्या पूर्व टोकाला बऱ्हाणपूर आणि पश्चिमेला अंकलेश्वर, म्हणजे नर्मदेच्या अलीकडचा काठ, पलीकडे भडोच. वऱ्हाडातून खानदेशात शिरलेली फौज बऱ्हाणपुरावर जाणार की गुजरातेत उतरणार, हे बरेच दिवस कुणालाच सांगता येऊ नये, अशी ही तापीकाठची पट्टी आहे. शिवाय बऱ्हाणपूरची धास्ती जुनी होती. जानेवारी १६८१ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने त्या शहराचे पुरे लुटले होते. ज्या भीतीला आधीचा अनुभव असतो, तीच हूल म्हणून वापरता येते. प्रदेशाचे ज्ञान आणि शत्रूच्या मनाचे ज्ञान इथे एकाच निर्णयात आले आहे.

बऱ्हाणपूरची हूल कळल्यावर निजाम पुण्यावर चालून गेला. माझ्या मते मोहिमेचा कणा इथे आहे. पेशव्याचे स्वतःचे ठाणे शत्रूच्या हाती गेले, तरी पेशवा ते सोडवायला धावला नाही. शाहू महाराज पुरंदरावर सुरक्षित होते आणि त्यांच्यापाशी चिमाजी आप्पा होते. राज्याचा जीव पुण्यात नसून छत्रपतींच्या ठायी आहे, हे ठरलेले असल्यामुळेच पुणे काही काळ जाऊ देता आले. रणनीती म्हणजे काय राखायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय, मोहिमेची आखणी म्हणजे त्या निर्णयाला वाट, दिवस आणि दाणावैरण मिळवून देणे, डावपेच त्यानंतरचे. आपले लेखन बहुधा तिसऱ्या पायरीवर सुरू होते आणि तिथेच संपते.

नेतृत्वाचेही तसेच. बाजीरावाचे धैर्य आपण तलवारीत शोधतो. मला ते पुण्याकडे तोंड न वळवण्यात दिसते. पण ते एकट्याचे नव्हते. मागे भाऊ विश्वासाचा होता, आणि तरुण पेशव्यावर टीका होत असतानाही त्याच्यावर भरवसा ठेवणारा धनी होता. पालखेडला निजाम लढाई हरला असे म्हणण्यापेक्षा तो पाण्यावाचून, धान्यावाचून कोंडला गेला असे म्हणणे बरोबर ठरेल. ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला आणि चौथाई-सरदेशमुखीचा शाहूचा हक्क त्याला मान्य करावा लागला.

या मोहिमेशेजारी पानिपत ठेवून पाहावे. १७६० च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊ कुंजपुऱ्याकडे असताना अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊ व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. जड तोफा, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले बरोबर घेतलेली फौज अडीच महिने उपासमारीकडे सरकत गेली आणि १४ जानेवारी १७६१ ला लढली. पालखेडला निजामाची जी अवस्था होती, ती पानिपतावर आपली होती. बत्तीस वर्षांपूर्वी आपणच घालून दिलेला धडा आपल्यावर उलटला. हे नाते आपल्या लेखनात क्वचितच येते, कारण एक विजयाच्या खात्यात मांडलेले आहे आणि दुसरे शोकाच्या.

कादंबरीकडून ही अपेक्षा धरू नये. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ बाजीराव-मस्तानीची कथा आहे. तिच्याकडे दाण्यावैरणीचा हिशेब मागणे अन्यायाचे होईल. पण इतिहासलेखनात ही सोय नाही. गो. स. सरदेसायांच्या रियासतीने घटनाक्रम लावून दिला, वि. गो. दिघे यांनी १९४४ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात बाजीरावाच्या राजकारणाची साधार मांडणी केली, शेजवलकरांनी पानिपताकडे भूगोल आणि राजकारण यांच्या अंगाने पाहायला शिकवले. त्यानंतर लोकप्रिय लेखन मात्र पुन्हा टापांच्या आवाजाकडे वळले.

बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या ज्वारीचे कणीस हातावर चोळून खातो, ही गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. साधेपणाचा आणि वेगाचा दाखला म्हणून ती सांगतात. मला ती रसदीची गोष्ट वाटते. दसऱ्यानंतर निघालेल्या फौजेला वाटेत खरिपाचा कडबा मिळतो आणि पुढे माघ-फाल्गुनात दादर उभी असते. मागे रसदीच्या गाड्या नाहीत म्हणून फौज हलकी राहते. आणि ती हलकी राहते, कारण तिचे ओझे वाटेवरच्या शिवाराने उचललेले असते. हजारो घोडी एका गावावरून गेली की त्या वर्षी तिथल्या खळ्यात काय उरत असेल? खानदेशाचे नाव या मोहिमेच्या वर्णनात ‘खानदेशमार्गे’ एवढ्या एका शब्दात येते. त्या शब्दाच्या आत राहणारी माणसे मराठीच बोलत होती, अहिराणी बोलत होती, आणि विजयात त्यांचा वाटा उपटलेल्या कणसांइतका तरी होता.

हे लिहिल्याने बाजीरावाची उंची कमी होत नाही. उलट तो कुठल्या वाटेने, कुठल्या हंगामात, काय सोडून आणि कुणाच्या भरवशावर निघाला हे कळले, तर त्याची बुद्धी दिसते. पालखेडवर पुढचा लेख लिहिणाऱ्याने मॉन्टगोमेरीच्या आधी तापीखोऱ्याचा नकाशा उघडावा, एवढीच माझी मागणी आहे.