बोर्ड आधी की प्रश्न आधी? वालधुनी आणि उल्हासवरच्या एका सेन्सर-आराखड्याची चिकित्सा

गेल्या महिन्यात अंबरनाथच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याने मला त्याच्या प्रकल्पाचा आराखडा पाठवला. सोबत एकच ओळ होती : "ताई, फक्त हार्डवेअरची यादी बघा, बाकी सगळं झालंय."

मी यादी बघितली आणि मग पहिल्या पानावर परत गेले, कारण यादीतल्या जवळजवळ प्रत्येक चुकीचं मूळ तिथे होतं. त्याच्या परवानगीने, नाव न घेता, त्या आराखड्याबद्दल इथे लिहितेय. तुमच्यापैकी अनेकांच्या सिनॉप्सिसमध्ये हीच यादी असणार. माझ्याही होती.

यादी अशी : ईएसपी३२ बोर्ड, एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर, डीएचटी११, पीएचचं किट, एमक्यू-१३५ गॅस सेन्सर, सिम८००एल मॉड्यूल आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक. शीर्षक : 'नदीच्या पाण्याचे स्मार्ट निरीक्षण'. जागा दोन : बदलापूरला उल्हासवरचा पूल आणि अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी.

आधी चांगलं काय ते सांगते. जागा अगदी योग्य निवडल्यात. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, हे आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. वालधुनीत २०१४ च्या नोव्हेंबरअखेर टँकरने रसायन सोडलं, तेव्हा उल्हासनगरात शेकडो लोकांना वायूचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं होतं. म्हणजे दोन्ही नद्यांवर मोजमाप व्हायला हवं, यात वाद नाही. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे आपले आकडे सरकारी आकड्यांशी ताडून बघायचं त्याने ठरवलंय. बरेच जण एवढंही करत नाहीत.

'निरीक्षण' हा प्रश्न नाही

अडचण शीर्षकातच आहे. पूर आणि रसायन हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना एकच डबा पुरत नाही. पुरासाठी विचारायचं : पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं का, आणि किती वेगाने चढतंय? रसायनासाठी : पाण्याची जात अचानक बदलली का, आणि नेमकी कधी?

आराखड्यात दर सहा तासांनी एक पीएच मोजायचं ठरलंय. टँकर रिकामा व्हायला सहा तास लागत नाहीत. पहाटे दोन वाजता सोडलेलं आम्ल सकाळी सहाच्या वाचनापर्यंत पुढे निघून गेलेलं असेल आणि तुमचा आलेख शांत, सरळ दिसेल. तो बघून कुणी म्हणालं, 'बघा, नदीत काही सोडत नाहीत', तर त्या वाक्याची जबाबदारी तुमची. वाचन किती वेळाने घ्यायचं हे प्रश्न ठरवतो, त्यावरून वीज किती लागेल ते ठरतं, आणि बोर्डाची पाळी त्यानंतर येते. आराखड्यात हा क्रम बरोब्बर उलटा आहे.

पातळी मोजणारा डोळा

एचसी-एसआर०४ ची कमाल मर्यादा साधारण ४ मीटर. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर पुलावरून ते अंतर ४ मीटरच्या आत बसेल का, हे आराखड्यात मोजलेलंच नाही. फीत घेऊन पुलावर जायला अर्धा तास लागतो हो! शिवाय या सेन्सरचे दोन्ही डोळे उघडे असतात, आपल्याकडचा जुलै त्यांना मानवत नाही. जेएसएन-एसआर०४टी हा पाणी न शिरणारा भाऊ बरा, पण त्याला साधारण २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. पाणी सेन्सरच्या अगदी जवळ येतं तेव्हा, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, तो आंधळा होतो. म्हणून तो कमाल पुराच्या बराच वर बसवायचा.

आता जलपर्णी. उल्हासवर तिचा हिरवा गालिचा पसरतो हे तुम्ही पाहिलं असेल. अल्ट्रासोनिक सेन्सरला जलपर्णी आणि पाणी यांतला फरक कळत नाही; ज्यावर आवाज आपटेल ते त्याचं 'पाणी'. पाण्यात बुडवायचा दाब-सेन्सर या फसवणुकीतून सुटतो, पण त्याला हवेचा दाब वजा करावा लागतो : १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जवळजवळ १ सेंटिमीटर पाणी. प्रत्येक निवडीत असं काहीतरी द्यावं लागतं. काय दिलं ते प्रबंधात लिहा, इतकंच.

डीएचटी११ ची मात्र मी बाजू घेईन. 'स्वस्त आहे, फेकून द्या' असं आपण पटकन म्हणतो. हिशेब करा : हवेचं तापमान २० वरून ३५ अंशांवर गेलं की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ वरून ३५२ मीटर होतो, आणि ३ मीटर अंतरात जवळजवळ ८ सेंटिमीटरची चूक येते. ती सुधारायला तापमान हवंच. पण डीएचटी११ ची २ अंशांची चूक त्याच अंतरात फक्त १ सेंटिमीटरच्या आसपास पडते. पुरासाठी ते चालतं. सावलीत लावा म्हणजे झालं, नाहीतर तो हवेऐवजी तापलेला डबा मोजेल.

राहिला सरकारी आकड्यांशी ताळा. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर अशी बातम्यांत येते. ही पाण्याची खोली नव्हे. ठरलेल्या संदर्भपातळीपासूनची उंची आहे. तुमचा सेन्सर सांगतो 'माझ्यापासून पाणी इतकं लांब'. हे दोन आकडे जोडायचे तर सेन्सरची उंची त्याच संदर्भपातळीत मोजून घ्यावी लागते. सिव्हिलच्या मित्राला चहा पाजा आणि लेव्हलिंग करून घ्या. यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च, आणि तो यादीत नाहीच.

रसायन, वास आणि वीज

पीएचच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा सिग्नल २५ अंशांना एका पीएच एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. ईएसपी३२ चा एडीसी कागदावर १२ बिटांचा असला तरी सरळ रेषेत चालत नाही, आणि त्यातल्या एडीसी-२ च्या पिना वाय-फाय चालू असताना वापरता येत नाहीत. बाहेरचा एडीसी लावा. इलेक्ट्रोड कोरडा पडू द्यायचा नसतो, त्यावर वालधुनीचा थर बसतो, बफर द्रावणात वारंवार जुळवावा लागतो. म्हणजे दर आठवड्याची फेरी. 'कमी खर्चिक' असं लिहिताना या फेऱ्या धरल्यात का? फक्त पीएचवर विसंबण्याऐवजी जोडीला विद्युतवाहकता दर पाच मिनिटांनी मोजा. कोणतं रसायन ते ती सांगणार नाही, पण 'आत्ता काहीतरी आलं, बाटली घेऊन पळा' एवढं सांगेल. नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या.

एमक्यू-१३५ काढून टाका. अमोनिया, अल्कोहोल, धूर, सगळ्यांना तो थोडाथोडा प्रतिसाद देतो. नेमका कशाला दिला ते एका आकड्यावरून कळत नाही. त्याचा हीटर जवळजवळ पाऊण वॉट खातो, म्हणजे दिवसाला १८ वॉट-तास. तुमच्या पॉवर बँकेत सगळे मिळून ३७. जेमतेम दोन दिवस.

सिम८००एल फक्त टूजीवर चालतं. जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण त्यांचं टूजी नाहीच. डेटा पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. बारीक वायर असली की व्होल्टेज पडतं, मॉड्यूल रिसेट होतं आणि आपण दोन आठवडे कोडमध्ये चूक शोधत बसतो. आज घ्यायचं तर फोरजीचं घ्या. लोरा घेत असाल तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा बघा. लॅमिंग्टन रोडवर ४३३ चं मॉड्यूल सहज हातात येतं, त्यावर लोरावॅनचे भारतातले चॅनेल चालत नाहीत.

माझा शून्य

हे सगळं मी शहाणपणाने सांगतेय असं वाटेल, म्हणून माझी गोष्ट सांगते.

पीएचडीच्या पहिल्या पावसाळ्यात बदलापूर पश्चिमेला, नदीला मिळणाऱ्या एका नाल्यावर मी डबा लावला होता. आधी तो सारखा बंद पडायचा. बोर्ड झोपला की इतका कमी करंट घ्यायचा, की पॉवर बँकेला वाटायचं काही जोडलेलंच नाही, आणि ती स्वतःला बंद करायची. ते सुधारलं. मग शेजारच्या चाळीतल्या लोकांना मोठ्या अभिमानाने व्हॉट्सअॅप इशाऱ्याच्या यादीत घेतलं.

एका रात्री दोन वाजता इशारा गेला : पाणी कमाल पातळीवर. लोकांनी सामान माळ्यावर टाकलं, एका आजींना खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं. नाल्यात गुडघाभर पाणी होतं.

झालं होतं असं : जोराच्या पावसात प्रतिध्वनी परतलाच नाही. अशा वेळी आर्डुइनोचं पल्सइन हे फंक्शन ० देतं. माझ्या कोडने ० म्हणजे 'पाणी सेन्सरला टेकलं' असा अर्थ लावला. 'माहीत नाही' आणि 'शून्य' यांत फरक करणारी एक ओळ मी लिहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. काकू रागावल्या नाहीत. चहा दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझा मेसेज आला, की आधी खिडकीतून बघू हो."

खिडकीतून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून तर तो डबा होता. तो विश्वास मला अजून पुरता परत मिळालेला नाही. आज त्याच ठिकाणी माझा सेन्सर आहे, सलग तीन वाचनं जुळल्याशिवाय बोलत नाही, प्रतिध्वनी नसेल तर 'वाचन नाही' असंच नोंदवतो, आणि इशारा फक्त माझ्या फोनवर येतो.

मग यादी कशी करायची?

त्या विद्यार्थ्याला मी एवढंच लिहिलं. दोनपैकी एक नदी निवड. प्रश्न एका वाक्यात लिही, त्यात 'कधी' आणि 'किती' हे शब्द यायला हवेत. त्यावरून वाचनांतलं अंतर आणि चालणारी चूक ठरव. मग जागेवर जा : उंची मोज, फोनवर नेटवर्क बघ, डबा कोण उचलून नेऊ शकेल ते बघ. विजेचा हिशेब कागदावर कर. नेटवर्क गेलं तरी नोंद राहावी म्हणून मेमरी कार्ड आणि वेळ सांभाळणारं डीएस३२३१ घड्याळ घाल. बोर्ड सगळ्यात शेवटी. ईएसपी३२ निघाला तरी हरकत नाही, मी स्वतः तोच वापरते.

आणि आराखड्यात एक रकाना वाढव : प्रत्येक भागापुढे, 'हा बिघडला तर आकडा कसा दिसेल?'

त्याचं उत्तर आलंय. त्याने वालधुनी घेतली. रकाना भरतोय, पीएचच्या ओळीवर अडकलाय. तुमच्या यादीला तो रकाना लावून बघा. जिथे अडकाल ते मला लिहा.