वरातीपुढचं पितळ

वरातीत बँडपुढे नाचणारे पुष्कळ असतात, बँड ऐकणारा एखादाच. ब्रास बँडच्या आजच्या दुरवस्थेचं मूळ मला इथंच दिसतं. तमाशा, लावणी, शाहिरी यांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं. बँडवाल्यांच्या वाट्याला समीक्षक आलाच नाही. त्यांच्यावरचं 'ब्रास बाजा' हे भरीव पुस्तक २००५ साली लिहिलं ते ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकानं.

पलटणींबरोबर आलेला हा बाजा संस्थानिकांच्या दरबारातून लग्नमांडवापर्यंत पोचला. सनई-हलगी वाजवणाऱ्या घरांतल्या कित्येकांनी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट हाती घेतलं. वाद्यं मात्र बव्हंशी मेरठची, तिथल्या जली कोठीत घडलेली.

या वाद्यांवर आपलं गाणं वाजवणं सोपं नाही. ट्रम्पेटला खटके तीनच, आणि ते सुटे सुटे सूर देतात. आपल्या गाण्याचा जीव तर दोन सुरांमधल्या मींडेत. जाणता वादक खटका अर्धाच दाबतो, ओठांची पकड सैल करतो आणि सूर ओढून आणतो. क्लॅरिनेटवाला भोकावरचं बोट उचलत नाही, हळूच सरकवतो. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली बीन घ्या. ती मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजींचं क्लॅव्हियोलिन हे विजेवरचं वाद्य आणि रवी यांची पेटी यांतून तो आवाज तयार झाला होता. बँडवाल्यांनी ती ओळ क्लॅरिनेटवर अशी बसवली की नाचणाऱ्यांना पुंगीच ऐकू यावी. हे बसवणं बहुतेक कानावर होतं. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात मानानं वावरले. बँडमध्ये मात्र मास्तर ओळ वाजवून दाखवतो, बाकीचे उचलतात. या बसवण्याला मी रचनाच म्हणेन.

पोटाचं गणित मात्र मुहूर्तांवर चालतं. चातुर्मासात लग्नं थांबतात. मध्ये गणपती-नवरात्राचा आधार, एरवी मिळेल ते काम. सुपारी मालक घेतो, वादक उचलीत अडकतो. जरीच्या दोऱ्यांचा लाल कोट वैशाखाच्या उन्हातही अंगावरून उतरत नाही. पाहुणे जेवायला बसतात तेव्हा हे मांडवाबाहेर ताटकळत असतात.

डीजेनं बँड मारला, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. डीजेशी बरोबरी करण्यासाठी बँडनं स्वतःच ट्रॉलीवर भोंगे चढवले, की-बोर्ड आणला, माइकवर गायक उभा केला. आता मुख्य चाल की-बोर्डकडे असते आणि पितळी वाद्यं मागून भर घालतात. वर्षानुवर्षं चाल न वाजवणाऱ्या वादकाची फुंक बसते, ओठ मऊ पडतात. त्याच्या मुलाला मग ट्रम्पेट शिकण्याचं कारणच उरत नाही. ही तडजोड मालकांची होती, पण ती करायला लावली आपण, कारण आपण फक्त आवाज मोजला.

म्हणून लग्नघरातल्यांना एक सांगणं आहे. बँडची सुपारी देताना ट्रॉली नको म्हणा, क्लॅरिनेटवाला कोण आहे ते विचारा. वरात निघण्याआधी त्याला दहा मिनिटं एकट्याला वाजवू द्या, आणि पाहुण्यांबरोबर त्याचंही पान मांडा.