पक्ष्यांची शास्त्रीय नावे : अर्थ आणि अधिकार

पक्ष्यांची शास्त्रीय नावे केवळ वर्णनपर असतात, हा समज तपासून पाहिला पाहिजे. कुपवाड परिसरातील माळांवर थव्याने हिंडणाऱ्या मोठ्या राखी सातभाईचे जातिनाम ‘माल्कोल्मी’ आहे. दख्खनच्या पक्ष्यांची सूची सिद्ध करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३२ मध्ये ते मुंबईचे माजी गव्हर्नर जॉन माल्कम यांच्यावरून दिले. त्यातून सत्ताधीश कळतो, पक्षी नव्हे; ‘सातभाई’ हे नाव मात्र त्याचे समूहजीवन सांगते. साळुंकीच्या ‘अ‍ॅक्रिडोथेरेस ट्रिस्टिस’ या नावातील ‘टोळ टिपणारी’ हा अर्थ यथार्थ आहे. ‘ट्रिस्टिस’ म्हणजे उदास. हे विशेषण मळकट रंगास उद्देशून असावे, एरवी या भांडखोर पक्ष्यावर तो अन्यायच! मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षीकोशा’त संस्कृत व लोकभाषांतील नावे आस्थेने एकत्र आणली. तरीही प्राणिशास्त्राच्या वर्गात लॅटिन नावे अर्थाविना पाठ करविली जातात.