बिबी, राबिया आणि ‘सम्राज्ञी’

नवीन जालन्याहून छत्रपती संभाजीनगरास जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहलीत ‘बिबी का मकबरा’ ठरलेलाच असतो. परतल्यावर ही बिबी कोण असे विचारावे, तर ‘औरंगजेबाची सम्राज्ञी’ एवढे उत्तर बहुधा मिळते. पर्यटनविषयक लेखनही याहून फारसे पुढे जात नाही.

वस्तुतः दिलरस बानू ही सफवी घराण्यातील शाहनवाजखानाची कन्या. १६३७ मध्ये तिचा शाहजादा औरंगजेबाशी विवाह झाला आणि १६५७ च्या ऑक्टोबरात, पुत्र अकबर याच्या जन्मानंतर महिन्याभरातच, ती औरंगाबादेत निवर्तली. औरंगजेब तख्तावर आला तो १६५८ मध्ये. तेव्हा सम्राज्ञीपद तिला लाभले ते केवळ आपल्या लेखनात. मृत्यूनंतर तिला मिळालेली ‘राबिया-उद्-दौरानी’, म्हणजे या युगाची राबिया, ही पदवी बसऱ्याच्या संत राबियेचे स्मरण करते. तीत राजपदाचा मागमूस नाही.

लोकभाषेने यांपैकी काहीच स्वीकारले नाही. तिने ‘बिबी’ हा सामान्य आदरवाचक शब्द पुरेसा मानला. येथे व्याकरणाची साक्ष मोलाची आहे. आपण ‘बिबी का मकबऱ्यात’ असे बोलून जातो. ‘मकबरा’ मराठी सामान्यरूप घेतो, ‘का’ मात्र जागचा हलत नाही. हिंदुस्थानीच्या नियमाने तेथे ‘के’ व्हावयास हवे होते. म्हणजे हे षष्ठीचे रूप आता षष्ठी राहिलेलेच नाही. सबंध शब्दसमूह एक विशेषनाम बनला आहे, आणि विशेषनामात कोणी व्यक्ती शोधीत नाही.

याच्या उलट प्रकार अहिल्यानगरजवळील शहा डोंगरावर आढळतो. तेथे सलाबतखानाच्या कबरीस लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. ‘चा’ अस्सल मराठी, चांदबिबी सर्वांच्या ओळखीची. पण ती तेथे विसावलेली नाही! जिच्याविषयी लोकांस आस्था, तिला परक्याची कबर मिळाली. जिची स्वतःची कबर, तिचे नाव गेले.

‘दख्खनचा ताज’ या बिरुदाने तर इमारतीचेही स्वत्व हिरावले. एकदा तुलना मान्य केली की, संगमरवर कोठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कोठे लागतो, एवढेच पाहणे उरते. प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला आणि हंसपतराय या रचनाकारांची नावे आहेत. सहलीच्या टिपणवहीत ती उतरून घेतलेली प्रस्तुत लेखकाने अद्याप पाहिलेली नाहीत.