सैनिकांच्या स्मृतिशिलांवरील श्रद्धाचिन्हे : एक अर्थविचार

१

अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमींत शासनाकडून दिल्या जाणाऱ्या स्मृतिशिलांवर मृत सैनिकाचे नाव, हुद्दा, सेनादल, युद्ध आणि जन्ममृत्यूचे दिनांक कोरलेले असतात. ह्या मजकुराच्या वर, शिलेच्या माथ्याजवळ, एक लहानसे चिन्ह असते. ते बहुधा लॅटिन क्रूसाचे असते. क्वचित दाविदाचा तारा, चंद्रकोर, धर्मचक्र किंवा ओंकारही आढळतो. शासकीय परिभाषेत त्यास ‘श्रद्धाचिन्ह’ ह्या अर्थाची संज्ञा आहे. ‘धर्मचिन्ह’ हा शब्द तेथे टाळलेला आहे.

ह्या चिन्हांविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ वाद झाले असून त्यांतील काही न्यायालयापर्यंत गेले. चिन्हाचा अर्थ काय, हा त्या वादांचा मुख्य प्रश्न होता. परंतु कोणत्याही उक्तीचा अर्थ ठरविण्यापूर्वी ती उक्ती कोणाची आहे हे ठरवावे लागते, आणि नेमका हाच प्रश्न पुष्कळदा बाजूस राहिला. तो प्रथम सोडविला असता ह्या वादांतील बराचसा गोंधळ दूर होतो, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रथम चिन्हव्यवस्थेचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट होईल. अमेरिकन यादवी युद्धातील मृतांसाठी १८७३ मध्ये जी शिला निश्चित झाली, तिच्यावर खोलगट ढालीची आकृती असे आणि त्या ढालीत नाव व क्रमांक कोरलेले असत. तिच्यावर श्रद्धेचे कोणतेही चिन्ह नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२२ च्या सुमारास, नवी शिला मान्य झाली आणि तिच्यावर दोन चिन्हांची सोय झाली : ख्रिस्ती सैनिकासाठी लॅटिन क्रूस आणि यहुदी सैनिकासाठी दाविदाचा तारा. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांत बौद्ध धर्मचक्राची भर पडली. पुढे सूची वाढत गेली आणि आज तिच्यात सत्तरांहून अधिक चिन्हे आहेत.

ह्या इतिहासातील अर्थदृष्ट्या महत्त्वाची घटना म्हणजे शिलेवरील रिकाम्या जागेच्या मूल्यात झालेला पालट. १८७३ च्या शिलेवर चिन्ह नाही, ह्यावरून त्या सैनिकाच्या श्रद्धेविषयी काहीच अनुमान निघत नाही. दोन चिन्हे उपलब्ध होताच मात्र तीच रिकामी जागा बोलू लागते. पाणिनीय परंपरेतील लोपाची संकल्पना येथे उपयोगी पडते : जेथे प्रत्ययाची प्राप्ती आहे तेथेच त्याच्या अदर्शनाला व्याकरणात कार्य असते. चिन्हाची प्राप्ती नसताना त्याचा अभाव निरर्थक असतो. प्राप्ती असताना तो अभाव सार्थ होतो. १९२२ नंतरचा रिकामा माथा हा ‘ख्रिस्तीही नाही, यहुदीही नाही’ असे काहीसे सांगू लागला, आणि त्यात बौद्ध, मुसलमान, हिंदू, नास्तिक व केवळ उदासीन असे सर्व एकत्र आले. पुढे अणूची आकृती हे नास्तिकांचे चिन्ह म्हणून सूचीत आले, तेव्हा रिकाम्या जागेचे मूल्य पुन्हा संकोचले. ती आता नास्तिक्याची खूण राहिली नाही, निव्वळ मौनाची खूण झाली. चिन्हाचे मूल्य त्याच्या शेजारच्या चिन्हांवर अवलंबून असते, ह्या सोस्यूरच्या सिद्धांताचे ह्याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

३

आता वक्त्याचा प्रश्न. शिलेवरील अक्षरमजकूर सर्वस्वी तृतीयपुरुषी आहे. अमुक नावाचा मनुष्य, अमुक हुद्द्यावर, अमुक युद्धात होता, असे शासन सांगते. हुद्दा चुकला तर विधान असत्य ठरते. कागदपत्रे पाहून ते सुधारता येते. चिन्हाची जात निराळी आहे. ‘हा ख्रिस्ती होता’ अशी नोंद करण्यासाठी अक्षरे पुरेशी होती. क्रूस कोरला जातो तेव्हा मृतच ‘माझी श्रद्धा ही’ असे म्हणत आहे, असा त्याचा आशय होतो. अर्थात् तो सबंध शिलेवरील एकमेव प्रथमपुरुषी उद्गार होय. तो उद्गार काढणारा मात्र बोलण्याच्या स्थितीत नाही. त्याच्या वतीने आप्त निवड करतात आणि शासन कोरते. ह्यामुळे चुकीचे चिन्ह ही निव्वळ चुकीची नोंद राहत नाही. दुसऱ्याच्या तोंडी त्याने न उच्चारलेले शब्द घालण्याचा तो प्रकार होतो.

परदेशांतील अमेरिकन युद्धदफनभूमींत ह्याचा पडताळा मिळतो. तेथे शिलेवर चिन्ह नसते, शिलाच चिन्हाच्या आकाराची असते : संगमरवरी क्रूस किंवा दाविदाचा तारा. नॉर्मंडीतील दफनभूमीत अशा नऊ हजारांहून अधिक शिला आहेत. जेथे दोनच आकार आहेत तेथे रिकामी जागा संभवत नाही आणि मौनालाही वाव राहत नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत दाविदाचा तारा हे द्वंद्वातील सलक्षण पद आणि क्रूस हे अलक्षण पद झाले. जो यहुदी म्हणून ओळखला गेला नाही तो आपोआप क्रूसाखाली गेला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकाच्या गळ्यातील ओळखपट्टीवर प्रोटेस्टंट, कॅथलिक व हिब्रू ह्यांची आद्याक्षरे कोरीत. शत्रूच्या हाती सापडल्यास घात होईल ह्या भीतीने काही यहुदी सैनिकांनी आपले अक्षर लपविले किंवा बदलून घेतले. अशांपैकी काहींच्या शिरावर पुढे क्रूस आला. ‘ऑपरेशन बेंजामिन’ ही संस्था अलीकडच्या वर्षांत असे सैनिक शोधून, आप्तांच्या संमतीने, क्रूसाच्या जागी तारा बसवून घेते. मनिला येथील दफनभूमीत २०२० मध्ये अशा काही शिला बदलण्यात आल्या. पाऊणशे वर्षांनंतर एक दगड काढून दुसरा बसविण्याचा हा खटाटोप नोंदीच्या शुद्धतेपुरता असता तर वहीतील दुरुस्तीने भागले असते. मृताचा उद्गार त्याला परत मिळावा, ही त्यामागील प्रेरणा आहे.

४

ह्या भूमिकेवरून न्यायालयांत झालेल्या युक्तिवादाचे परीक्षण करता येते. मोहावे वाळवंटातील क्रूसाविषयीच्या खटल्यात, २००९ च्या सुनावणीत, न्यायमूर्ती स्कालिया ह्यांनी क्रूस हे मृतांच्या विश्रांतिस्थानाचे सर्वांत रूढ चिन्ह असल्याचे सुचविले. तेव्हा यहुदी दफनभूमीत यहुद्याच्या थडग्यावर क्रूस कधीही दिसत नाही, असे प्रतिपक्षाच्या वकिलाने निदर्शनास आणले. पुढे मेरीलँडमधील ब्लेडन्सबर्ग येथील, चबुतऱ्यासह सुमारे ४० फूट उंचीच्या क्रूसाचा प्रश्न आला. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या ४९ स्थानिक सैनिकांचे ते स्मारक १९२५ मध्ये पुरे झाले होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सातास दोन अशा बहुमताने ते कायम ठेवले. क्रूस मूलतः ख्रिस्ती असला तरी काळाच्या ओघात त्याला त्याग व स्मरण ह्यांचा लौकिक अर्थही प्राप्त झाला, हे न्यायमूर्ती अलिटो ह्यांच्या निर्णयातील एक प्रमुख सूत्र होते.

आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत हा निरूढ लक्षणेचा दावा आहे. मूळ अर्थ कुश तोडणारा असा असूनही ‘कुशल’ शब्द निपुण ह्या अर्थी रूढ झाला, तसा क्रूस हा ‘हुतात्मा सैनिक’ ह्या अर्थी रूढ झाला, असे म्हणण्यासारखे हे आहे. परंतु लक्षणेला मुख्यार्थबाध आवश्यक असतो. ख्रिस्ती सैनिकाच्या थडग्यावरील क्रूसाचा मुख्यार्थ मुळीच बाधित होत नाही. तेथे अभिधाच पुरेशी आहे. यहुदी किंवा नास्तिक सैनिकाच्या थडग्यावर तो बाधित होतो खरा, परंतु तेथे पाहणाऱ्यास लक्ष्यार्थ स्फुरत नाही. चूक झाली आहे असेच वाटते. लक्षणा सिद्ध झाली असती तर ऑपरेशन बेंजामिनच्या कार्याला अवकाशच उरला नसता. शिवाय ‘कुशल’ म्हणताना कुशाची आठवण कोणालाही होत नाही, तर क्रूस निवडणारी कुटुंबे आजही त्याच्या मूळ अर्थासाठीच तो निवडतात. ज्या पदाचा मुख्यार्थ इतका जिवंत आहे त्याला निरूढ म्हणणे कठीण आहे.

तथापि बहुमताच्या पक्षात एक तथ्यांश आहे. युरोपातील रणभूमींवर उभ्या राहिलेल्या क्रूसांच्या रांगांनी त्या आकृतीला युद्धाची स्मृती जोडली, हे निःसंशय. पण ते साहचर्य व्यंजनेच्या कोटीतील आहे. ते वाच्यार्थावर उभे राहते, त्याला दूर सारीत नाही. आणि एकेका शिलेवरील लहान चिन्ह व ४९ नावांवरील एकच भव्य चिन्ह ह्यांच्यात वक्त्याचा भेद आहे. पहिल्यात एक मृत बोलतो. दुसऱ्यात त्या सर्वांच्या वतीने दुसराच कोणी बोलतो. न्यायमूर्ती गिन्सबर्ग ह्यांच्या भिन्न मतपत्रात हा भेद लक्षात घेतलेला दिसतो.

५

प्रथमपुरुषी उद्गाराला शब्द लागतात, आणि येथे शब्दकोश शासनाच्या हाती आहे. नेव्हाडा नॅशनल गार्डचा एक सार्जंट २००५ च्या सप्टेंबरात अफगाणिस्तानात मारला गेला. तो विक्का पंथाचा अनुयायी होता. सैन्याच्या नोंदींत ह्या पंथाला स्थान होते, परंतु त्याचे पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह स्मृतिशिलांच्या सूचीत नव्हते. चिन्हाविना फलक त्याच्या पत्नीने पत्करला नाही. २००६ मध्ये राज्याच्या अनुमतीने तेथील स्मृतिभिंतीवर चिन्हासह फलक बसला. त्याच वर्षी केंद्रशासनाविरुद्ध दावा दाखल झाला आणि एप्रिल २००७ मध्ये तडजोड होऊन ते चिन्ह सूचीत आले. तत्पूर्वी सूचीत ३८ चिन्हे होती, त्यांत नास्तिकांचेही होते. ह्या विधवेच्या नकाराचा अर्थ आता स्पष्ट होतो. निवडलेले मौन हाही एक उद्गार आहे. शब्दच नाकारल्यामुळे पदरी आलेले मौन मात्र उद्गार नव्हे, आणि पाहणाऱ्यास ह्या दोहोंतील भेद दगडावरून कळत नाही.

कोश म्हणून पाहता ह्या सूचीची घडणही बोधप्रद आहे. प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट, लूथरन, एपिस्कोपल अशा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांना स्वतंत्र चिन्हे आहेत. हिंदूंसाठी ओंकार आहे, परंतु शैववैष्णवादी भेद तेथे उमटलेले नाहीत. उलट ‘सूफिझम रीओरिएंटेड’ ह्या लहानशा संस्थेचे चिन्ह तिच्यात आहे. मेहेरबाबांनी ह्या संस्थेला १९५२ मध्ये सनद दिली. त्यांची समाधी अहिल्यानगरजवळील मेहेराबाद येथे आहे. मराठीत आत्या, मावशी, काकू, मामी हे भेद शब्दांत आहेत आणि इंग्रजीत ते एकाच शब्दात लोपतात. त्याप्रमाणेच मागणी करणारा समाज जेथे जागरूक होता तेथे ही सूची सूक्ष्म झाली आणि इतरत्र ती स्थूल राहिली. तिच्यात श्रद्धांचे वर्गीकरण शोधणे व्यर्थ आहे. तो निवेदनांचा साठा आहे.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण पुण्याजवळ खडकी येथील युद्धदफनभूमीत अभ्यासता येते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या साम्राज्य युद्धसमाधी आयोगाने हुद्दा न पाहता सर्वांना एकसारखी शिला दिली. त्याच्या पद्धतीत ख्रिस्ती सैनिकाच्या शिलेवर क्रूसाची आकृती येते, तर भारतीय सैनिकांच्या शिलांवर आकृतीऐवजी लेखन येते : हिंदूंसाठी देवनागरीत, शिखांसाठी गुरुमुखीत, मुसलमानांसाठी अरबीत. ही वाक्ये आयोगाने धर्मनिहाय ठरविलेली आहेत. त्यांतील आदर खरा आहे. पण साच्यातील वाक्य ज्या अंशाने सर्वांचे असते त्या अंशाने ते कोणा एकाचे राहत नाही. ते वर्गवाचक होते आणि उद्गार पुन्हा तृतीयपुरुषाकडे झुकतो.

६

अमेरिकन व्यवस्था अलीकडे ह्या साच्यापासून फार दूर गेली आहे. प्रचलित नियमानुसार श्रद्धाचिन्ह हे मृताने प्रामाणिकपणे बाळगलेल्या, धर्मरूप किंवा धर्माचे कार्य करणाऱ्या श्रद्धेचे द्योतक असावे लागते. ती श्रद्धा एखाद्या संघटनेशी निगडित असण्याची आवश्यकता नाही. व्यावसायिक, राजकीय किंवा लष्करी बोधचिन्हे मात्र वर्ज्य आहेत. २०१३ मध्ये थोरचा हातोडा सूचीत आला. उतरणारा गरुड, सारस जातीचा एक पक्षी आणि डाळिंब हीही तिच्यात आहेत. अनभिज्ञ पाहणाऱ्यास ह्या आकृत्यांवरून श्रद्धा ओळखता येणार नाही. एकाच वक्त्याचा शब्द हा शब्द म्हणावा काय, हा भाषाशास्त्रातील जुना प्रश्न येथे दगडावर उभा राहतो. संकेत सामाजिक असतो असे मानल्यास डाळिंबाची ही खूण दुर्बोधच ठरते.

हा आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाही. स्मृतिशिलेवरील चिन्हाचे प्रयोजन परक्यास माहिती देणे हे असते तर सुबोधता हा त्याचा पहिला गुण ठरला असता. त्याचे प्रयोजन मृताच्या वतीने त्याचेच बोलणे नोंदविणे हे असेल, तर यथार्थता हा पहिला गुण ठरतो आणि सुबोधतेला दुय्यम स्थान मिळते. न कळणारे डाळिंब प्रेक्षकाला निरुत्तर करील. सर्वांना कळणारा पण चुकीचा क्रूस मृतावर अन्याय करील. ह्या दोहोंत तारतम्य करताना, ज्याला आपले बोलणे दुरुस्त करण्याची संधी उरलेली नाही त्याचा पक्ष घेणे युक्त होय. क्रूस, तारा, ओंकार ह्या सुपरिचित चिन्हांकडेही ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे : त्यांचा अर्थ समाजाने सिद्ध केलेला असला तरी त्यांचा उच्चार प्रत्येक शिलेवर एकेकाचाच असतो.