'हकीकत' : हरलेल्या लढाईचा चित्रपट

आपल्याकडचे बहुतेक युद्धपट जिंकलेल्या लढाईच्या जिवावर उभे राहतात. १९९७ चा 'बॉर्डर' लोंगेवालाच्या विजयावर उभा आहे. प्रेक्षक शिट्ट्या मारतच बाहेर पडतो. चेतन आनंद यांच्या 'हकीकत'ला (१९६४) ही सोय नव्हती. त्याचा विषय १९६२ चे लडाख, म्हणजे उघड पराभव. तरीही साठ वर्षांनंतर आपल्या देशातला साध्या शिपायाचा सर्वांत खरा चित्रपट कोणता, असे विचारले तर मी याच कृष्णधवल चित्रपटाचे नाव घेईन.

कथा थोडकीच आहे. बर्फातल्या चौक्यांवरची एक तुकडी चिनी फौजेच्या वेढ्यात सापडते. माघारीचा हुकूम येतो, पण परतीची वाट उरलेली नसते. बहादूरसिंग (धर्मेंद्र) आणि लडाखी मुलगी अंगमो (प्रिया राजवंश) मागे थांबून इतरांना वाट मोकळी करून देतात आणि मरतात. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या कुमाऊँ तुकडीतील सुमारे १२० पैकी शंभराहून अधिक जवान लढता लढता पडले. चित्रपट ती घटना जशीच्या तशी सांगत नाही, पण तिची सावली सर्वत्र आहे.

चेतन आनंद यांचे बळ लढाईच्या दृश्यांत नाही, वाट पाहण्याच्या दृश्यांत आहे. थंडीने बधिरलेले पाय, न आलेली पत्रे, अंधारात एकमेकांना सांगितलेल्या घरच्या गोष्टी. मदनमोहन यांनी एका गाण्यासाठी रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार गळे वापरले आहेत. प्रत्येक शिपायाला स्वतःचा आवाज मिळतो, आठवण मात्र सगळ्यांची एकच. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखे गाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे गाणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पोस्टमनची सायकल दारासमोरून पुढे गेली की अशा घरात काय होते, ते या चित्रपटाला कळलेले आहे.

दोषही आहेत, आणि ते लहान नाहीत. अंगमोची प्रेमकथा मुंबईहून लडाखात नेऊन ठेवल्यासारखी वाटते. चिनी सैनिकाला चेहराच नाही, तो नुसता झुंडीने येतो. मोठी तक्रार वेगळीच आहे. शिपायांकडे पुरेसे गरम कपडे का नव्हते, रायफली जुन्या का होत्या, हा प्रश्न चित्रपट टाळतो. त्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला म्हणत आपण यशवंतरावांना दिल्लीला पाठवले. एवढी मोठी गोष्ट पडद्यावर आलीच नाही. सरकारी आणि लष्करी मदतीने काढलेल्या चित्रपटाची ही मर्यादा असते. नाव 'हकीकत', पण सांगितली अर्धीच.

पण चित्रपट केला कोणी, हे पाहिले की दुसरी अर्धी हकीकत हाती लागते. चेतन आनंद, बलराज साहनी आणि कैफी आझमी हे तिघेही इप्टाच्या मुशीतले. नोव्हेंबर १९६२ मध्ये देशभर कम्युनिस्टांची धरपकड झाली. डावा म्हणजे चीनचा माणूस, असा तो काळ होता. १९६४ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्याच वर्षी, पक्षही दुभंगला. कैफी तर कम्युनिस्ट आणि वर मुसलमान, म्हणजे संशयाला दोन दारे. ज्यांच्या देशप्रेमाची झडती घेतली जात होती, त्यांच्याच हातून देशाचा हा शोक लिहिला गेला.

मराठीतही हेच घडले होते. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम करायला कोल्हापुरात आले आणि इथेच 'अमर शेख' झाले. तेही कम्युनिस्ट. चीनच्या आक्रमणानंतर हिमालयाच्या हाकेला ओ देणारे त्यांचे गाणे महाराष्ट्राने ऐकले. त्यांना कोणी दाखला मागितला नव्हता, आणि मागितल्यावर देणाऱ्यांपैकी ते नव्हते.

'हकीकत'चे शेवटचे गाणे बर्फात पडलेल्या प्रेतांवरून वाजते. गळा रफींचा, शब्द कैफींचे. त्यात वधू आहे, कफन आहे, आणि शेवटाकडे सीता, रावण व रक्ताने ओढायची रेघ आहे. आझमगढच्या एका शिया घरातला कवी रामायणाची प्रतिमा इतक्या सहज उचलतो, की ती उसनी घेतली असे क्षणभरही वाटत नाही. सामायिक संस्कृतीवर आपण परिसंवाद भरवतो. कैफींनी ती तीन-चार मिनिटांत वापरून दाखवली. पंधरा ऑगस्टला राजारामपुरीत गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या कर्ण्यावरून हे गाणे सकाळपासून वाजते. गीतकाराचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. मला त्याचा राग येत नाही. गाणे लोकांचे झाले की कवीचे नाव गळून पडतेच. राग येतो तो त्याच कर्ण्यावरून दुपारी कोणी तरी आमच्या मोहल्ल्याला निष्ठेचे चार शब्द ऐकवतो तेव्हा.

म्हणून 'हकीकत' एकटा पाहू नये. त्याच्या जोडीला एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' (१९७३) पाहावा. पटकथेत कैफी आहेत, पडद्यावर बलराज साहनी. 'हकीकत'मध्ये मायभूमीसाठी माणसे गमावणारा मेजर रणजितसिंग इथे आग्र्याचा जोड्यांचा कारखानदार सलीम मिर्झा होतो. पाकिस्तानात गेलेल्या भावाला घराचा नकाशा पाठवल्याबद्दल त्याच्यावर हेरगिरीचा आळ येतो. तोच चेहरा, तेच थकलेले, सावकाश चालणे. मेजरला भूमी राखायची आहे. मिर्झाला त्याच भूमीवर भाड्याने घर मिळत नाही.

एखाद्या फिल्म सोसायटीने हे दोन्ही एकाच संध्याकाळी दाखवावेत, आधी 'हकीकत', मग 'गर्म हवा'. मध्यंतरात चहा द्यावा, भाषण ठेवू नये.