लाकूड जिथे थांबते

भोरच्या राजवाड्यात पाहुणा आधी खांब पाहतो. पंतसचिवांच्या या 1869 सालच्या वाड्यातले खांब आहेतच तसे. मला मात्र अधिक मोह पडतो तो खांब संपून तुळई सुरू होते, त्या जेमतेम हातभर जागेचा.

खांब वर निमुळता होत जातो आणि माथ्याशी पुन्हा फुलतो. तिथून दोन्ही बाजूंना हस्त निघतात. हस्तांमुळे तुळईचा अधांतरी गाळा तोकडा होतो, म्हणजे त्यांची शोभा कामाची आहे. लाकडी महिरप मात्र भार घेत नाही, ती फळ्यांतून कोरून बसवलेली असते. तिच्या वरच्या आडव्या पट्ट्या पाहाव्यात. एक पट्टी दुसरीपेक्षा किंचित पुढे, मध्ये खोलगट वळण. फळ्यांचे सांधे त्या झाकतात, आणि चौकात ऊन उतरले की प्रत्येकीखाली सावलीची रेघ उमटते. ज्या सुताराने हे केले त्याने लाकूड एकदम तोडले नाही. त्याला पायरीपायरीने थांबवले. गाणाऱ्याने तान समेवर आणावी तसे.

ही जाण घेऊन भाटघरच्या किंवा वेल्ह्याकडच्या एखाद्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात यावे. पूर्वी तिथे भिंतीतले फडताळ असे आणि भांड्यांची लांब फळी. आता भिंतीवर कपाटे टांगतात, आणि त्यांचा माथा व छत यांत फट उरते. तिचे काय करायचे?

घर कौलारू असेल आणि वर वासे दिसत असतील, तर ती फट मुळीच भरू नये. उतरत्या छपराला आडवी फळी भिडवली की दोघांचेही रूप जाते, शिवाय वाफेची वाट अडते. इथे कपाट स्वतःच्या उंचीवर संपू द्यावे. माथ्याला दोन-तीन बोटे रुंद, आत वळणारी एकच पट्टी पुरते. फुलापानांची तयार नक्षी मला अशा घरात उपरी वाटते. घराच्या चौकटीवर जे वळण असेल, तेच सुताराकडून कागदावर उतरवून घ्यावे आणि लहान करून पट्टीला द्यावे.

माळ्याखालचे, पाटाच्या छताचे स्वयंपाकघर असेल तर पट्टी छतापर्यंत नेता येते. पण जुने छत सरळ नसते, मधे दबलेले असते. सरळ पट्टी लावली की एका टोकाला अंगठा जाईल एवढी फट दिसते. म्हणून आधी एक साधी फळी छताच्या चढउताराबरहुकूम तासून बसवतात आणि नक्षीची पट्टी तिच्यावर, कपाटाच्या रेषेत, सरळ. डोळा खालची रेषा वाचतो, वरचा वाकडेपणा विसरतो.

कोपऱ्यांतही तेच. जुन्या भिंती काटकोनात भेटत नाहीत, तेव्हा दोन्ही टोके 45 अंशांत कापली की आतल्या कोपऱ्यात सांधा उघडतो. एक पट्टी भिंतीपर्यंत सरळ न्यावी, दुसरीचे टोक पहिलीच्या वळणाप्रमाणे कोरून तिच्यावर टेकवावे.

आणि पट्टी कपाटालाच जोडावी, छताला नव्हे. इथला पाऊस मोठा. लाकूड आषाढात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन्हीकडे खिळलेली पट्टी मधोमध तडकते.